वाटेतला माल, नग एकेचाळीस

माल जवळ असणे ही एक गोष्ट आहे आणि माल आहे असे दाखवता येणे ही दुसरी. या दोहोंत दुसरी श्रेष्ठ होय. जवळच्या मालाला वाळवी लागते, उंदीर लागतात, पाणी लागते. दाखवलेल्या मालाला यांपैकी काहीही लागत नाही. इतकी साधी गोष्ट कळायला गोंदियाच्या मुंगूस विडी कंपनीला एकोणीस वर्षे लागली, आणि ती कळली तेव्हा सन १९३८ चा एप्रिल चालू होता.

तोवर कंपनीचे पुरवठा खाते म्हणजे केवलराम मुनीम आणि भिंतीतला एक खिळा. सालेकशाच्या जंगलातल्या पानतोडीच्या फडांवरून तेंदूपान बैलगाड्यांनी सालेकसा स्टेशनला येई, तिथून रेल्वेने गोंदियाला, आणि गोंदियाहून गावोगावच्या केंद्रांवर. केंद्रांवर बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत. कोणती गाडी कुठे आहे हे केवलरामला तोंडपाठ असे. जे तोंडपाठ नसे त्याची चिठ्ठी खिळ्याला टोचलेली असे. (दिवाळीला खिळा रिकामा होई आणि चिठ्ठ्या चुलीत जात.) एकोणीस वर्षांत मुर्रीचे केंद्र पानावाचून एक दिवस बसले नाही. मात्र हे सगळे कसे चालते ते केवलरामसकट कुणालाच सांगता येत नसे, आणि तोच या व्यवस्थेवरचा पहिला गंभीर आक्षेप ठरला.

आक्षेप घेणारे होते यादोराव. ते नागपूरहून आलेले ऑडिटर. त्यांना बोलावण्याचे कारण असे की मालक सेठ गुलाबचंद यांनी कारखान्याची लिमिटेड कंपनी केली होती. लिमिटेड कंपनीत तोटा मर्यादित असतो असे त्यांना रेल्वेच्या डब्यात कुणीतरी सांगितले होते. नफ्याचे काय ते विचारायचे राहिले, कारण स्टेशन आले. कंपनी झाल्यावर कळले की दरसाल एक अहवाल छापावा लागतो, आणि तो भागधारकांपुढे ठेवावा लागतो. सेठजी सोडून भागधारक अकरा होते: मुलगे चार, जावई तीन, पत्नी एक, मेहुणे दोन, आणि ज्याचे औषधाचे बिल द्यायचे राहिले होते असा वैद्य एक. त्यांपैकी वाचता येणारे सहा. कायद्याने वाचता येण्याची अट घातलेली नाही, यावरून कायदा किती दयाळू असतो ते दिसते.

यादोराव हा मोठा सरळ माणूस. त्यांनी आयुष्यात तेंदूचे पान पाहिलेले नव्हते, त्यामुळे पानाबद्दलचा त्यांचा प्रत्येक निर्णय निःपक्षपाती असे. अहवालात माल तीन ठिकाणी दाखवायचा असतो, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. कोठारातला, कारखान्यातला आणि वाटेतला. पहिल्या दोहोंबद्दल त्यांची तक्रार नव्हती. वाटेतल्या मालाने मात्र त्यांची झोप उडवली.

"मुनीमजी, एकतीस मेला आपले वर्ष संपते. त्या दिवशी दुपारी चार वाजता वाटेतला माल कुठे असेल?"

"वाटेत," केवलराम म्हणाला.

"म्हणजे नेमका कुठे?"

"तो चालत असेल ना, साहेब."

इथे यादोरावांनी जो विचार मांडला तो पुढे पुरवठा खात्याच्या दारावर पाटी करून लावण्यात आला. चालती वस्तू मोजता येत नाही. जी मोजता येत नाही ती आहे असे म्हणता येत नाही. जी नाही तिच्यावर खर्च झाला असेल तर तो अपहार होय. केवलरामने पाटी रोज येता-जाता वाचली, आणि प्रत्येक वेळी त्याला आपण काहीतरी चोरले आहे असे वाटू लागले.

मग परिपत्रक क्रमांक सात निघाले. एकतीस मे रोजी दुपारी चार वाजता वाटेतली प्रत्येक गाडी जिथे असेल तिथे थांबावी, आणि गाडीवानाने नमुना 'व-तीन' भरावा. नमुन्यात रकाने होते ते असे: गाडीचे ठिकाण, बैलांची तोंडे कोणत्या दिशेला, उजव्या बैलाचे नाव, डाव्या बैलाचे नाव, पानाचे बोद म्हणजे मोठी पोती किती, गाडीवानाचा अंगठा, आणि एक साक्षीदार, जो गाडीवानाच्या नात्यातला नसावा. (साक्षीदार बैलांच्या नात्यातला असल्यास हरकत नव्हती.) गाडीवानांपाशी घड्याळ नसते ही अडचण केवलरामने काढली. यादोरावांनी ती तात्काळ दूर केली. चारची मालगाडी शिट्टी मारते, ती शिट्टी ऐकताच चार वाजले असे समजावे.

मेच्या अखेरीस केवलराम सालेकशाला गेला आणि त्याने गाडीवान गोळा केले. त्यांत मुर्रीचा उदाराम होता. तो आणि केवलराम एकाच गल्लीत वाढलेले, एकाच तळ्यात पोहायला शिकलेले. उदारामची बायको सुमित्राबाई मुर्रीच्या केंद्रावर विड्या वळत असे. दोघा नवरा-बायकोचे पोट एकाच पानावर होते. तो आणत असे आणि ती वळत असे.

केवलरामने परिपत्रक वाचून दाखवले. उदारामने सगळे नीट ऐकले.

"म्हंजे शिट्टी आयकू आली का थांबाचं. मंग?"

"मंग फारम भराचा," केवलराम म्हणाला.

"अना मंग?"

"मंग अंगठा माराचा."

"ते झालं गा. पन मंग?"

केवलरामने परिपत्रक उलटून पाहिले. मागची बाजू कोरी होती. "त्याच्या पुढचं काही आलं नाई अजून," तो म्हणाला.

या ठिकाणी झाडीपट्टीतला एक रिवाज सांगणे भाग आहे. पानाने भरलेली गाडी फडावरून निघते तेव्हा मुनीम बैलांच्या जुवावर हात ठेवतो आणि 'चाल' म्हणतो. मुनिमाने चालवलेली गाडी वाटेत पाण्याला, चाऱ्याला खुशाल थांबते आणि आपली आपण निघते. पण मुनिमाच्या शब्दाने जी थांबली ती मुनिमाच्याच शब्दाने हलते. कोण्या एका साली एक गाडीवान आपल्या मनाने निघाला आणि त्याच्या गाडीचा आस तीन ठिकाणी मोडला, असे सांगतात. आस तीन ठिकाणी कसा मोडतो हे कुणी विचारत नाही, कारण विचारणाराचाही मोडेल.

एकतीस मेला चारची मालगाडी वीस मिनिटे कमी साडेपाचला आली. त्या वेळी चार वाजले. जंगलभर एकेचाळीस गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

अहवालाच्या इतिहासात असा दिवस क्वचितच उगवला असेल. दोन दिवसांत एकेचाळीस नमुने कार्यालयात पोहोचले. साक्षीदार म्हणून जंगलाचे गार्ड अकरा, गुराखी तेरा, पाहुणचाराला निघालेले इसम सहा, साधू दोन आणि इतर नऊ. बैलांच्या तोंडांचीही नोंद चोख होती. यादोरावांनी प्रत्येक नमुना उजेडात धरून पाहिला. पण एक नमुना पाहून त्यांचे डोळे पाणावले. तो उदारामचा होता. मोहाची फळे वेचायला गेलेल्या एका बाईने तो आणून दिला होता. त्यात एकही रकाना कोरा नव्हता, एकही खाडाखोड नव्हती.

ठिकाण: मोहाखाली. तोंड: सावलीकडे. उजवा बैल: लाखा. डावा बैल: बंड्या. बोद: दहा.

"याला म्हणतात माहिती," यादोराव म्हणाले, आणि नवीन कारकुनांना धडा म्हणून त्यांनी तो नमुना काचेच्या चौकटीत घालून आपल्या खुर्चीच्या मागे टांगला. उरलेले नमुने केवलरामच्या पिशवीत गेले.

आता गाड्या सोडायच्या. केवलरामने दोन जूनला परवानगी मागितली. यादोराव गोंधळले. अहवाल छापायला गेला होता. त्यात एकेचाळीस गाड्या वाटेत उभ्या होत्या. त्या जर निघाल्या तर अहवाल खोटा पडेल. बारा जूनला सभा होऊन अहवाल मंजूर झाला की गाड्यांना काय हवे ते करता येईल.

"साहेब, आठवड्यात मृग लागते," केवलराम हात जोडून म्हणाला. "पान उघड्यावर आहे. भिजलं तर काळं पडते. मुर्रीच्या बाया वर्षभर काय वळतील?"

"पान एकतीस मेला दुपारी चार वाजता कोरडे होते ना?"

"होतं."

"मग अहवालात ते कोरडेच राहील. तुम्ही निष्कारण चिंता करता."

केवलरामला घरी भात गोड लागेना. पान आणायचे आपले काम. ते आता आपल्या शब्दावर जंगलात उभे आहे, आणि तो शब्द आपल्याला उच्चारता येत नाही, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला. चौथ्या दिवशी सेठजींनी तोड काढली. "अरे, गाडी जहाँ खड़ी है वहीं रहेगी किताब में. जंगल में थोड़ी हिल गई तो कौन देखता है? मुनीम, तू जा." यादोरावांनी एका अटीवर मान्यता दिली. कोणती गाडी पुढे कुठे गेली त्याचे एक परिशिष्ट अहवालाला जोडले जावे.

केवलरामने पिशवीतले नमुने काढले आणि एकेक ठिकाण शोधत तो चार दिवस जंगल तुडवत हिंडला. पायाला फोड आले. प्रत्येक गाडीपाशी जाऊन जुवावर हात ठेवी, 'चाल' म्हणे आणि तो नमुना पिशवीच्या दुसऱ्या कप्प्यात टाकी. पहिला कप्पा रिकामा झाला तेव्हा तो मटकन खाली बसला. सगळ्या गाड्या स्टेशनला पोहोचल्या असे मात्र झाले नाही. ज्या गाड्यांचे बैल पाण्याला नेताना फिरवून जुंपले होते, त्यांची तोंडे नमुन्यात फडाकडे लिहिलेली होती. आता अंगठा मारलेले तोंड बदलायचे कसे? 'चाल' म्हणताच ते गाडीवान फडाकडे चालते झाले.

परत आल्यावर त्याने परिशिष्ट भरले. त्याचा तळचा आकडा यादोरावांनी आधीच छापून घेतला होता (शेवटी आकडा लिहायला जागा पुरत नाही, असा त्यांचा अनुभव). वरच्या तीन ओळी केवलरामने पिशवीतले नमुने मोजून लिहिल्या. महत्त्वाचा कागद असल्याने तो इथे जसाच्या तसा देतो.

परिशिष्ट 'क': वाटेतल्या गाड्यांची विल्हेवाट
सालेकसा स्टेशनला पोहोचलेल्या: १७
बैलांच्या तोंडाप्रमाणे फडावर परतलेल्या: १४
चाक निखळल्याने माल वाटेतच उतरवलेल्या: ९
एकूण गाड्या: ४१

यादोरावांनी प्रत्येक आकड्यासमोर लाल टीक केली. चार टिका झाल्या. सेठजींनी सही ठोकली. ती सही वाळते न वाळते तोच मृग लागला. स्टेशनवरचे पान उघड्या धक्क्यावर होते, कारण रेल्वेचे डबे मागायचा अर्ज फक्त कोठारातल्या मालासाठी करता येई आणि हा माल वाटेतला होता. फडावरचे पान मांडवाखाली होते, पण मांडव मागच्या सालचा होता. वाटेत उतरवलेल्या पानाबद्दल न बोललेले बरे. तीन दिवसांत सगळे पान भिजून काळे पडले आणि त्याला बुरशी चढली. अहवालावर याचा कसलाही परिणाम झाला नाही.

दहा तारखेला सुमित्राबाई कार्यालयात आली. डोक्यावर इरले, पाय चिखलाने भरलेले. बाकीचे गाडीवान घरी आले होते, उदाराम आला नव्हता.

"मुनीमजी, माहा घरवाला कोठी हाय?"

केवलरामने तोंड उघडायच्या आधीच यादोरावांनी तिला सौम्य शब्दांत समजावले. "बाई, काळजी करू नका. एकेचाळीसच्या एकेचाळीस गाड्यांचा पत्ता लागला आहे. तुमचे यजमान आलेले आहेत."

"आले?" सुमित्राबाई म्हणाली. "मंग माह्या घरी जो दिसून नाई राहिला तो कोन हाय?"

यादोरावांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. घर कंपनीच्या ताळेबंदात येत नाही, असा त्यांनी निर्णय दिला. तरीही नवरा आलेला नाही असेच तिचे म्हणणे असेल तर तिने तसा अर्ज करावा. मात्र गाडी कमी असल्याचे तिनेच कळवले म्हणून दहा बोद पानाची जबाबदारी अर्जदारावर येईल.

केवलराम आठवू लागला. उदारामच्या गाडीच्या जुवावर आपण हात ठेवला का? चाळीस-एक जुवे, सगळी सारखी. त्याला उदारामचा चेहरा आठवेना. घाईघाईने त्याने परिशिष्ट काढून पाहिले. खाली एकेचाळीस लिहिलेले होते, शेजारी लाल टीक होती. त्याचा जीव भांड्यात पडला.

सुमित्राबाईचे लक्ष खुर्चीमागच्या चौकटीकडे गेले होते. त्या कागदावर अंगठा होता. अंगठ्यावरची कुऱ्हाडीची खूण तिने ओळखली. "ते काय लिवलं हाय? वाचा ना."

केवलरामने वाचले. ठिकाण, मोहाखाली. तोंड, सावलीकडे. उजवा बैल, लाखा. चौकटीतला कागद पिशवीत कधी आलाच नव्हता, हे त्याला आता दिसले. भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर आला.

"त्या जंगलात मोह किती असतील, माहीत आहे का?" यादोराव कौतुकाने म्हणाले. "आणि त्यांतला एक याने अचूक सांगितला."

"लाखा पान्याबगर उभा नाई राहात," सुमित्राबाई म्हणाली. "नाल्यावरचा मोह असन." आणि ती निघून गेली.

केवलरामला तिच्याबरोबर जायचे होते. पण दोन दिवसांवर सभा होती, आणि सभेत पुरवठा खात्याचे अभिनंदन होऊन त्याला पुरवठा अधीक्षक नेमायचे होते. अधीक्षकाला हात टेकायच्या दांड्या असलेली खुर्ची मिळते. एकोणीस वर्षे तो स्टुलावर बसला होता. तो राहिला. राहिल्याची लाजही त्याला वाटली, आणि ती त्याने कुठल्याच रकान्यात लिहिली नाही. अकरा भागधारकांनी अहवाल एकमताने मंजूर केला. सभा नऊ मिनिटे चालली आणि जेवण तीन तास.

सुमित्राबाईला नवरा पाचव्या दिवशी सापडला. नाल्याकाठच्या मोहाखाली गाडी नमुन्याबरहुकूम उभी होती, तोंड सावलीकडे. उदारामने पळसाच्या पानांचे जाड छप्पर करून ते पानाच्या बोदांवर घातले होते. उरलेल्या पानांत त्याचे स्वतःचे डोके तेवढे झाकले जाई. तापाने तो फणफणला होता. बैल मात्र गुबगुबीत झाले होते.

"घरी चाल ना बाप्पा," ती म्हणाली.

"मुनीमानं थांबवलं हाय. मुनीम म्हनल तवा."

ती रडली, तिने त्याला शिव्या घातल्या, जवळची पेज पाजली, आणि सरळ गोंदियाला परत येऊन केवलरामच्या नव्या खुर्चीसमोर उभी राहिली. यावेळी केवलरामने परवानगी मागितली नाही. रविवार होता; रविवारी अधीक्षक काय करतो याबद्दल परिपत्रक नव्हते. मोहाखाली पोहोचून त्याने आधी उदारामच्या कपाळावर हात ठेवला आणि मग जुवावर. तीन दिवसांनी गाडी गोंदियाला कारखान्याच्या फाटकाशी लागली. दहा बोद, अस्सल कोरडे पान. मुंगूस विडी कंपनीच्या मालकीचे त्या साली तेवढेच कोरडे पान उरले होते.

यादोरावांनी फाटकातच हात आडवा केला.

"ही कोणती गाडी?"

"एकेचाळिसावी," केवलराम म्हणाला.

"एकेचाळीस जमा झाल्या आहेत. ही बेचाळिसावी." त्यांचा चेहरा उतरला होता. "मुनीमजी, तूट मी समजू शकतो. चोरी माणसाच्या स्वभावात आहे. पण वाढ? वाढ आली कुठून? वाढ दाखवली तर सगळा अहवाल संशयात येईल."

नसलेली गाडी आत घेता येत नव्हती, आणि असलेली हाकलून देता येत नव्हती. ती फाटकाबाहेर उभी राहिली. मुर्रीच्या केंद्रावरच्या बावीस बाया पंधरा दिवस रिकामी सुपे घेऊन घरी जात होत्या. वळल्या विडीवर मजुरी, आणि वळायला पान नाही. त्या आता फाटकासमोर येऊन बसल्या आणि गाडीकडे बघू लागल्या. कुणाच्या घरी एक वेळ पेज होती, कुणाच्या घरी तीही नव्हती. केवलराम खिडकीतून त्यांना पाही. खुर्चीच्या दांड्या त्याला टोचू लागल्या.

सेठजींना गर्दी आवडली नाही. पण यादोराव म्हणाले, कायद्याचा आत्मा उघडेपणात आहे. कामगारांना वस्तुस्थिती वाचून दाखवली की त्यांचे समाधान होते. म्हणून शनिवारी फाटकावर परिशिष्ट 'क' वाचून दाखवण्याचे ठरले. केवलरामने मोठ्याने वाचले. सतरा. चौदा. नऊ. एकूण एकेचाळीस.

"चाळीस," सुमित्राबाई म्हणाली.

पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधत ती रोज हजार विड्या मोजत असे, आणि एक विडी कमी भरली तर केंद्रावर तिचा अख्खा कट्टा छाटात, म्हणजे नापास मालात, टाकत. मोजणे तिच्या बोटांत होते. "सतरा अना चौदा एकतीस. अना नऊ, चाळीस. एक कमी भरून राहिली, साहेब. ते हे उभी हाय."

सेठजींनी बोटे मोजली. यादोरावांनी कागदावर मांडणी केली, खोडली, पुन्हा मांडली. बाई बरोबर होती, आणि तिचे बरोबर धरले तर गाडी आत घ्यायला नेमकी एका गाडीची जागा मोकळी होती. पण यादोराव तत्त्वाचा माणूस. अहवाल सभेने मंजूर केला होता. मंजूर झालेली बेरीज चुकू शकत नाही. फार तर पुढच्या वर्षीच्या सभेत तिच्यावर खेद व्यक्त करता येईल. तोवर ही गाडी कंपनीची नाही. किंबहुना ती नाहीच.

"नाईच?" सुमित्राबाईने विचारले.

"कागदोपत्री नाहीच."

"मंग जे नाईच, ते आमी मुर्रीले नेलं तं तुमचं काय जाते?"

यादोरावांनी पाटीवरचे आपलेच तत्त्व मनात उलटसुलट करून पाहिले. त्यांना त्यात फट सापडली नाही. उदाराम गाडीवर बसला होता, पण हलत नव्हता. गाडी यादोरावांच्या हाताने थांबली होती, आणि उदारामच्या लेखी तेही कंपनीचे मुनीमच. सगळे केवलरामकडे पाहू लागले. सेठजीही पाहू लागले, आणि त्या नजरेत खुर्ची होती. केवलराम फाटकाबाहेर आला, त्याने जुवावर हात ठेवला आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "चाल!"

मुर्रीच्या बावीस बायांनी पंचवीस दिवसांत त्या पानाच्या साडेपाच लाख विड्या वळल्या. कंपनीने तंबाखू पुरवला, मजुरी दिली, विड्या घेतल्या आणि विकल्या. तिच्यापाशी विकायला दुसरे काही नव्हते. पुढच्या सालच्या अहवालात या केंद्राचा खास उल्लेख आहे. मुर्री येथे पानाचा वापर शून्य असून उत्पादन साडेपाच लाख झाले, तरी इतर केंद्रांनीही याच पद्धतीने विड्या वळाव्यात, असे परिपत्रक क्रमांक एकोणीस सांगते. त्या केंद्रांना पान पाठवणे त्याच दिवशी बंद झाले. केवलराम पुन्हा स्टुलावर बसतो आणि त्याला भात गोड लागतो.

राहता राहिली जबाबदारी. परिशिष्ट 'क' मुनीम एक, ऑडिटर एक, सेठजी एक आणि भागधारक अकरा, अशा चौदा इसमांपुढे ठेवण्यात आले, आणि चौदाही जणांनी तळचा आकडा पाहून मान डोलावली. पंधरावे आपण. कागद आपल्यापुढेही जसाच्या तसा ठेवला होता, महत्त्वाचा आहे असे बजावूनही सांगितले होते. त्यानंतर सुमित्राबाई दारात येऊन नवरा कुठे आहे म्हणून विचारत होती तरी आपण मागे वळून तीन आकडे मिळवले नाहीत. (ज्यांनी मिळवले असतील त्यांनी मुर्रीला कळवावे. तिथे सुमित्राबाईच्या शेजारी एक सूप मोकळे आहे.) बाकीच्यांनी संकोच करू नये. सहीसाठी खाली जागा सोडली आहे.